गल्लीत एकच फ्रीज

मुलुंडच्या एका गल्लीत शुभा आणि गंधालीची दुकानं समोरासमोर होती. दोघींना वेगवेगळ्या आइस्क्रीम कंपन्यांनी फ्रीज दिले होते. कंपन्या एक झाल्या, तसा “गल्लीत आता एकच,” म्हणत कंपनीच्या माणसांनी शुभाचा फ्रीज उचलला. गंधालीला मात्र नवाकोरा, मोठा मिळाला. पोरांची झुंबड तिकडे वळली. शुभा अख्खा उन्हाळा जळत राहिली. गंधालीशी बोलणंसुद्धा तिने सोडलं. पुढे कोपऱ्यावर मॉल उघडला आणि तीच माणसं गंधालीच्या दारात उभी राहिली. ‘बरी जिरली!’ शुभाला उकळ्या फुटल्या. “गिऱ्हाईक मी जोडलं ना?” गंधाली रडकुंडीला आली. “छोटी दुकानं कंपनीला परवडत नाहीत,” माणूस मोबाइल बघत म्हणाला. शुभा ताडकन उठली, रस्ता ओलांडून फ्रीजच्या झाकणावर बसली. “हिच्यावर मी जळते, ते आमचं आम्ही बघून घेऊ. फ्रीज न्यायचा तर माझ्यासकट न्या!”