एकतीस तारखेची पाळी

एकतीस मार्चला तेलगावच्या एका कॉम्प्युटर सेंटरमध्ये खून झाला. पण गावात तसं कुणी म्हणत नाही, आणि कागदावर तर बरोबर उलटं लिहिलेलं आहे. तेव्हा झालाच नाही असं धरून पुढं जाऊ.

अभिमन्यूने धाकट्या भावाच्या, म्हणजे धर्मराजच्या, कानाचा लचका तोडला तेव्हा लॅपटॉपमध्ये सहा टक्के चार्जिंग होतं.

सेंटर दोघांचं. लॅपटॉप दोन, चार्जर एक, आणि पाच भोकांची डबी म्हणजे डॉक एक. लॅपटॉपला भोक एकच असल्यामुळे सगळा कारभार डॉकमधून चालायचा. चार्जर डॉकला, अंगठ्याचं मशीन डॉकला, आणि डॉकची एक वायर लॅपटॉपला. एका वेळी एकच लॅपटॉप.

दिवाळीनंतर भावांची वाटणी झाली. पंच म्हणून आलेल्या उत्तरेश्वर तात्यांनी चष्मा लावून डॉक उलटासुलटा पाहिला. "ही चार भोकं कोरडवाहू," ते म्हणाले. "चार्जिंगचं तेवढं बागायती."

बागायतीवरून दोघांनी एकमेकांची गचांडी धरली. मग तात्यांनी सामाईक विहिरीला लावतात तशी पाळी लावून दिली. सम तारीख थोरल्याची, विषम धाकट्याची.

एकतीस तारीख तात्यांच्या ध्यानात आली नाही. एकतीस विषम आणि दुसऱ्या दिवशीची एक तारीखही विषम. डिसेंबरात यावरून शिव्या झाल्या. जानेवारीत एक दात पडला. फेब्रुवारी शांततेत गेला. आता मार्च होता.

"लागोपाठ दोन दिस पाणी तूच धरणार, कामून रं?" अभिमन्यू तोंडातलं रक्त थुंकत म्हणाला. "एकतीस तारीख गायरान हाय. कुणाच्या बापाची न्हाई."

"गायरानात ज्याचं ढोर आधी शिरलं, त्याचं गायरान," धर्मराज म्हणाला. कीबोर्डवर रक्त पडू नये म्हणून त्याने मान वाकडी केली आणि भावाच्या पोटात गुडघा घातला.

मागच्या खुर्चीत साखराबाई बसल्या होत्या. बावीस सीझन ऊसतोडीला गेलेल्या. कोयत्याने अंगठ्याच्या रेषा खाल्ल्या होत्या आणि वयाने हाताला कंप दिला होता. निराधाराचा पगार चालू राहायचा तर आपण जिवंत आहोत हे त्यांना आज पाचच्या आत मशीनला पटवून द्यायचं होतं. नाहीतर यादीतून नाव कटणार होतं.

सकाळपासून लाईट नव्हती. ती साडेचारला आली. चार वेळा अंगठा लावला, चारही वेळा स्क्रीनवर तेच आलं: कृपया बोट स्थिर ठेवा. साखराबाईंनी डाव्या हाताने उजवा मनगटात घट्ट धरला. मग दोन्ही हात थरथरले. पाचव्यांदा लावणार तेवढ्यात अभिमन्यूने आत येऊन चार्जर उपसला.

"आरं मुडद्यांनो," त्या आता ओरडल्या, "आधी माझा अंगठा घ्या. मंग खुशाल मरा!"

"थांब मावशे!" दोघं एकदम म्हणाले. वाटणीनंतर त्यांचं एकमत झालेली ही पहिलीच गोष्ट.

अभिमन्यूने प्रिंटर उचलून धर्मराजच्या पाठीत घातला. धर्मराजने चार्जरची वायर थोरल्याच्या गळ्याभोवती दोनदा गुंडाळली आणि ओढली. अभिमन्यूचे डोळे पांढरे झाले. शेवटच्या श्वासात त्याने खूण केली, की पिन वाकतेय. धर्मराजने ताबडतोब सोडलं. पिन तुटली असती तर पुन्हा तात्यांना बोलवावं लागलं असतं.

चार टक्के.

"तुमचा बाप मेला तवा दाखला दुसऱ्या दिशी भेटला," साखराबाई म्हणाल्या. "आन् मी इथं जित्ती बसली तर मला तिसरा दिस हाय. मरावं का काय मंग माणसानं?"

अभिमन्यूने टेबलाखालून स्टॅबिलायझर ओढून काढला. जुना, लोखंडी, उचलताना कण्हायला लावणारा. वाटणीत तो दोघांनीही नाकारला होता. अभिमन्यूने तो डोक्यावर धरला आणि सगळ्या अंगानिशी धर्मराजवर फेकला.

धर्मराज वाकला.

स्टॅबिलायझर मागं कशावर तरी धप्पकन आदळला. मग खाली पडून फरशीवर एकदा गोल फिरला.

दोघं होते तिथंच उभे राहिले. पंखा फिरत होता. बाहेरून उसाची एक ट्रॉली गाणी वाजवत गेली. ती पार लांब गेली, तेव्हा दोघांनी मागच्या खुर्चीकडं पाहिलं.

अभिमन्यूने चार्जर उचलला. पिन शर्टाला पुसली आणि स्वतःच्या हाताने डॉकमध्ये खोचली.

"घे," तो म्हणाला. "तुझी पाळी हाय."

"न्हाई दादा," धर्मराज म्हणाला. "गायरान हाय. दोघांचं."

दादा हा शब्द दिवाळीनंतर आज निघाला. अभिमन्यूच्या डोळ्यात पाणी आलं. धर्मराजने शटर खाली ओढलं. तीन टक्क्यांचे चार झाले, चारचे पाच.

"आता मावशीचं काम आधी," अभिमन्यू म्हणाला.

"हां. लई येळ बसली बिचारी."

दोघांनी मिळून काम केलं. धर्मराजने नंबर टाकला. अभिमन्यूने मशीन वायरीसकट खुर्चीपाशी नेलं, खाली गुडघे टेकले आणि साखराबाईंचा अंगठा पदराने नीट पुसून काचेवर ठेवला.

पहिल्याच वेळी लागला. हात जरासुद्धा थरथरला नाही.

स्क्रीनवर हिरव्या चौकटीत अक्षरं उमटली: "दिनांक ३१ मार्च, सायंकाळी ४.५२. लाभार्थी हयात असल्याची खात्री झाली आहे. पुढील वर्षीही लाभार्थ्याने स्वतः समक्ष उपस्थित राहून सहकार्य करावे, ही नम्र विनंती."