सव्वा महिन्याच्या आत

“चार,” चंपतराव फोनवर म्हणाले. “घरात मानसं चार. लिवा.”

नीलाचं पेन थांबलं. समोर तीन महिन्यांपूर्वीचा फॉर्म होता, तिच्याच अक्षरातला. तेव्हाही माणसं चारच होती. चंपतराव, त्यांची बायको रुखमाबाई, मुलगा श्रीधर आणि सून गोपिका. पण गोपिकाच्या नावापुढे नीलानं लिहून ठेवलं होतं, ‘सातवा महिना’.

“काका, सुनेचं बाळंतपण झालं असेल ना?”

पलीकडे तराजूचं पारडं आपटल्याचा आवाज आला.

“झालं. बावीस दिवस झाले. पन ते लिवाचं नाही अजून.”

फोन बंद झाला.

ते त्र्याऐंशी साल होतं. नागपुरातल्या दोनशे घरांच्या आरोग्याची पाहणी चालू होती. पहिली फेरी घरोघर जाऊन झाली. दुसरी फोनवर करून पाहायचं ठरलं होतं. घरी फोन असणारी माणसं थोडी. नंदनवनातल्या त्या गल्लीसाठी बापूजींच्या किराणा दुकानाचा नंबर होता. फोन आला की बापूजी माणसाला हाक मारून आणत.

“चार लिही आणि पुढचा नंबर लाव,” पाहणीचे प्रमुख केशव साहेब म्हणाले. “आपलं काम विचारण्याचं. त्यांच्या घरात शिरण्याचं नाही.”

नीलानं पुन्हा बापूजींचाच नंबर फिरवला. “पहिल्या वेळी गोपिकानं उत्तरं दिली होती. याही वेळी तीच लागेल.”

“बाळंतीन आहे ते, बाई. सव्वा महिना व्हाचा आहे. चंपतराव तिले उंबरा वलांडू देत नाही.” बापूजी थांबले. त्यांच्या बाजूला कोणीतरी हलक्या आवाजात काही म्हणालं. “बरं. अर्ध्या घंट्यानं करा.”

अर्ध्या तासानं गोपिका फोनवर आली. तिच्या आवाजामागे आणखी एक आवाज होता. बारीक, चिरका, मांजराच्या पिल्लासारखा.

“बाळ आहे जवळ?”

“हो.”

“आणखी कोण आहे? श्रीधर?”

“हो.”

नवरा पहाऱ्यावर उभा होता. फोन कधीही तुटला असता. ती भराभर विचारू लागली.

“फक्त हो-नाही म्हणा. बाळ आजारी आहे?”

“हो.”

“दूध ओढतं?”

नीलानं रिसीव्हर कानावर दाबून धरला.

“नाही.”

“किती दिवस झाले? आकडा सांगा.”

“दोन.”

“दवाखान्यात का नेत नाही?”

पुरुषाचा दबका आवाज आला. रिसीव्हर कशावर तरी आदळला. फोन तुटला नाही, पण पलीकडे कोणी राहिलं नाही. दुकानातलं गिऱ्हाईक तेवढं साबणाची वडी मागत होतं.

“गोपिका? हॅलो?”

नीलानं फॉर्म पिशवीत कोंबला. केशव साहेब काहीतरी म्हणाले, ते तिनं ऐकलं नाही. धंतोलीपासून नंदनवनापर्यंत ती ऑटोत पुढे सरकून बसली होती.

दुकानासमोरच्या बाकावर चंपतराव बसले होते. तिला पाहताच त्यांनी ओळखलं.

“मॅडम, तुमी इथं? मंग सून आत कोनासंग बोलून राहिली?”

नीला क्षणभर गोंधळली. मग म्हणाली, “आमच्या साहेबांशी.”

ती आतल्या खोलीत गेली. खोलीत कोणी नव्हतं. तांदळाच्या पोत्यावर रिसीव्हर उपडा पडला होता. मागचं दार उघडं होतं.

“मेडिकलच्या मोठ्या दवाखान्यात गेले दोघं,” बापूजी तिच्या कानाशी येऊन म्हणाले. “लेकराले घेऊन. फोनचा बहाना श्रीधरचाच; पाहणीचा फोन म्हनून म्हाताऱ्यानं तिले इथंवर येऊ देलं. बायकांचे प्रश्न आहेत म्हनून मी म्हाताऱ्याले बाहेर बसवलं. मागच्या गल्लीत रिक्षा येईपर्यंत तिले फोनवर बोलतं ठेवाचं होतं.” त्यांनी रिसीव्हर उचलून जागेवर ठेवला. “आता जरा म्हाताऱ्याले थोपवा. तो तिथं गेला तं पोरीले ओढत आनीन.”

नीला बाहेर आली आणि चंपतरावांच्या शेजारी बसली. फॉर्म मांडीवर उघडला.

“काका, तोवर तुमची उत्तरं घेते.”

तिनं विचारलं, नंदनवनात कधी आलात. ते म्हणाले, मौद्याहून, अकरा वर्षं झाली. तिनं विचारलं, पाणी कुठून भरता. चूल की स्टोव्ह. ते उत्तरं देत होते, पण डोळे दाराकडे होते. फॉर्मवरचे प्रश्न संपले तेव्हा ती मनचे विचारू लागली.

“लय झालं,” ते म्हणाले. “लेकरू आहे तिच्यापाशी.”

“दोनच राहिलेत, काका.”

आत फोन वाजला.

चंपतराव ताडकन उठले. चालू असलेला फोन वाजत नाही, एवढं त्यांनाही कळत होतं. ते दाराशी पोचायच्या आत बापूजी बाहेर आले.

“श्रीधरचा फोन आहे, मेडिकलमधून. लेकराले सलाईन लावली. डॉक्टर म्हनते, वाचते.”

चंपतराव नीलाकडे वळले. ती उभी राहिली. शिव्या ऐकायची तिनं तयारी केली होती. पण ते ओरडले नाहीत. ते पुन्हा बाकावर बसले. तिच्या हातातल्या कागदाकडे बघत राहिले.

“माह्ये तीन लेकरं सव्वा महिन्याच्या आत गेले, बाई,” ते म्हणाले. “तिघायचेही नावं मी पहिल्याच दिवशी लिवले होते.”