मशीनच्या खेळ्या

"घोडा एफ पाच," मोहिनीने उंबरठ्यावरून सांगितले.

तिच्या डोक्यावर पदर होता आणि मांडीवर टॅब. अण्णाजींनी पटावरचा काळा घोडा उचलून त्या घरात ठेवला. मग पांढरे प्यादे पुढे सारून स्वतःची खेळीही मोठ्याने सांगितली. टॅबमधल्या बुद्धिबळ खेळणाऱ्या मशीनला हात नव्हते, म्हणून दोन्हीकडच्या सोंगट्या तेच हलवत होते. सुनेने सासऱ्यासमोर बसायचे नाही ही पवनारच्या त्या घरातली रीत होती. मशीनचा निरोपसुद्धा दारातूनच द्यायचा.

वर्ध्याच्या एका शाळेने मोहिनीला पत्र पाठवून बुद्धिबळ शिकवायला बोलावले होते. सोमवारी रुजू व्हायचे होते. चार वेळा जिल्ह्याचे विजेते झालेल्या अण्णाजींनी साफ नकार दिला होता.

"बुद्धिबळ काय बाईमानसाचं काम हाय?"

"बाबा, कॉम्प्युटर आता जगज्जेत्याले हरवते," त्यांचा मुलगा रोशन म्हणाला होता. "तुमाले हरवलं त मोहिनीले जाऊ देसान?"

"हरवून त दाखव म्हना. मंग जाऊ दे तिले."

शर्त ठरली. बायकोने आठ वर्षे या एका पत्राची वाट पाहिली होती, हे रोशनला माहीत होते. पण तो निर्धास्त होता. मशीन थोडेच हरते?

पहिल्या चौदा खेळ्या झटपट झाल्या. मग मशीन रेंगाळू लागले.

"काऊन थांबला?" अण्णाजींनी विचारले.

"विचार करून राह्यला, मामाजी."

अण्णाजींनी तिच्याकडे एकदा पाहिले आणि हत्ती पुढे काढला. थोड्या वेळाने मशीनचा वजीर गेला. रोशन उठून अंगणात गेला, परत आला.

"बिघडलं काय वं?" त्याने हळूच विचारले. मोहिनी उंबरठ्यावरून पट न्याहाळत होती.

चहा तसाच निवून गेला. अण्णाजींनी मुद्दाम मोकळा सोडलेला उंट मशीनने घेतलाच नाही. उलट त्याची दोन प्यादी मुकाट्याने पुढे सरकत राहिली.

"हत्ती एच एक. शह." मोहिनीने सांगितले.

अण्णाजींनी राजाभोवतीची घरे एकेक करून तपासली. राजाला जायला घर नव्हते. तीस वर्षांत घरच्या पटावर त्यांना कोणी मात दिली नव्हती. त्यांनी राजा आडवा केला. वाईट वाटले त्यांना, ते लपवलेही नाही.

"बाबा, शर्त!"

"शर्त पक्की. मोहिनी जाईन सोमवारी."

"मी म्हनलं नव्हतं? मशीनपुढं कोनाचं चालत नाई!" रोशन हसला.

अण्णाजी सोंगट्या पुन्हा मांडू लागले.

"मशीन त तिनं पंधराव्या खेळीलेच बंद केलं," ते म्हणाले. "मोहिनी, उठ तिथून. इकडं ये, माह्यासमोर बैस."