बॉनेटची कड

नेव्ह प्रॉसरनं टॉर्च बॉनेटला जवळजवळ टेकवला आणि पुन्हा वाकून पाहिलं. ओरखडे होतेच. समोरून बघावं तर गाडी काळीभोर, आरशासारखी. उजेड तिरपा पडला की कोळ्यानं जाळं विणल्यासारख्या गोल गोल रेघा. सकाळपासून हेच चाललं होतं. पॉलिशचं मशीन फिरवायचं, पुसायचं, टॉर्च मारायचा, एक शिवी हासडायची, पुन्हा मशीन. व्हायला गावाची लाल धूळ आत येऊ नये म्हणून त्यानं शेडला जुन्या चादरी लावल्या होत्या आणि आत स्वतःच उकडून निघत होता.

जेवायच्या वेळेला टेगन येणार होती. दोन वर्षांनी.

ओरखडे तिचेच. बापाच्या वाढदिवसाला पोरीनं भल्या सकाळी उठून गाडी धुतली. प्रेमानं, आणि भांडी घासायच्या स्पंजच्या खरखरीत बाजूनं. नेव्ह तिला तिच्या दोस्तांदेखत असं काही लागट बोलला, की त्याच आठवड्यात तिनं घर सोडून थेट डार्विन शहर गाठलं. फोन यायचा तो आईला. आता येणार होती तीही अट घालून: विमानतळावर कुणी यायचं नाही, मी टॅक्सीनं येईन; पटलं तर आठवडाभर राहीन, नाही पटलं तर मैत्रिणीकडे, शोनाकडे जाईन.

म्हणून ही सगळी मरमर. ती यायच्या आत एकही रेघ उरता कामा नये, असं नेव्हनं मनाशी घेतलं होतं. रेघा गेल्या की भांडणाचं कारणच गेलं. मग माफीबिफी मागायची वेळच येणार नाही. माणूस काय काय डोकं चालवतो बघा. दोन शब्द तोंडातून काढायचे सोडून चार तास मशीन धरून बसेल.

त्याची बायको ग्लेनिस दोनदा डोकावून गेली. पहिल्यांदा म्हणाली, आंघोळ कर. दुसऱ्यांदा ओव्हनचा हातमोजा काढत म्हणाली, "ती तुला भेटायला येतेय, नेव्ह. आणि आणखी घासलंस तर आतलं इंजिन दिसायला लागेल."

नेव्हनं हं केलं. मशीनच्या पॅडकडे पाहिलं, ते काळंकुट्ट झालं होतं. म्हणजे रंगच उतरत होता, हे त्याला काय ठाऊक नव्हतं? प्रत्येक फेरीला थोडा थोडा. पण एकच रेघ उरली होती, आणि ती नेमकी बॉनेटच्या कडेला जाऊन कागदी चिकटपट्टीखाली शिरली होती. पट्टी त्यानंच लावली होती. कडेला रंग पातळ असतो, तिथे मशीन लावायचं नसतं. घरी गाडी घासणारा कुणीही हे पहिल्या दिवशी शिकतो. तो शेडबाहेर गेला, पाणी प्यायला, परत आला. रेघ तिथेच. पुन्हा बाहेर गेला, रस्त्यावर टॅक्सी दिसते का पाहून आला. मग त्यानं पट्टी सोलून काढली. एकदाच, अगदी हलक्या हातानं, असं स्वतःला म्हणत मशीन टेकवलं.

काळ्यातून करडं अस्तर वर आलं. त्यानं घाबरून फडक्यानं पुसलं. रेघ गेली होती आणि तिच्यासोबत अंगठ्याएवढा रंगही. आता जगातलं कुठलंही पॉलिश तो परत आणणार नव्हतं.

नेमकी तेव्हाच फाटकाशी टॅक्सी थांबली. नेव्हला दुसरं काही सुचेना. त्यानं डागावर पंजा ठेवला आणि सहज उभं असल्यासारखा गाडीला टेकला.

टेगन एकटीच आत आली. टॅक्सी बाहेर चालूच होती, बॅग टॅक्सीतच होती. चादर बाजूला सारून ती दोन पावलं चालली आणि थबकली. या गाडीला आजवर कुणी टेकलं नव्हतं. पाहुणे बिअर घेऊन जवळ आले तरी नेव्ह त्यांना हात धरून लांब न्यायचा.

"डॅड," ती हळूच म्हणाली, "तू गाडीला टेकलायस."

"हो. मग काय झालं?"

ती बघत राहिली. तिचा चेहरा सैल होत गेला, डोळे भरून आले. बाप बदलला, असं पोरीला वाटलं असणार. नेव्हला ते कळलं. तसाच टेकून राहिला असता तर सगळं निभावलं असतं. पण त्याची त्यालाच इतकी लाज वाटली की त्यानं पंजा उचलला.

टेगन वाकली. डाग पाहिला, सोललेली पट्टी पाहिली, मशीन पाहिलं.

"मी केलं," नेव्ह म्हणाला.

"मग आता घर सोडून तू कुठे जाणार?"

ती हसत नव्हती. नेव्हनं फडकं या हातातून त्या हातात केलं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं. चार तास जे मशीनकडून वदवून घ्यायचं होतं ते शेवटी त्यालाच बोलावं लागलं.

"माझं चुकलं, टेग. त्या दिवशी."

टेगन वळली आणि फाटकाकडे चालू लागली. टॅक्सीचं दार उघडल्याचा आवाज आला, मग लागल्याचा. टॅक्सी गेली.

ती बॅग ओढत आत आली. बापाच्या तोंडाकडे बघत तिनं बॅग उचलली आणि धपकन बॉनेटवर ठेवली. चकचकीत बाजूला, बकलांसकट.

करकर नेव्हनं ऐकली.

"चल," तो म्हणाला, "मटण झालं असेल."