कोणतं तेल घालू?

नर्सबाईंची गाडी तेल बदलण्यासाठी गॅरेजमध्ये उभी होती आणि सोबत आलेले संगीतशिक्षक बाजूच्या बाकावर बसले होते. घाटापलीकडच्या गावात एकटेच राहणाऱ्या या गृहस्थांनी महिन्यापूर्वी बाईंना लग्नाबद्दल विचारले होते. ‘विचार करून सांगते, सर,’ एवढेच उत्तर मिळाले होते, आणि पन्नाशी उलटलेल्या माणसाने तेच पुन्हा कोणत्या तोंडाने विचारावे, हे त्यांना उमगत नव्हते.

मेकॅनिकने दोन डबे पुढे ठेवले. “हे साधं, हे भारीतलं. किंमत जवळजवळ दुप्पट. गाडी फिरते किती, ताई?”

“घर ते हॉस्पिटल. जेमतेम दहा मिनिटं.”

“मग साधंच घ्या. भारीतलं रोज घाट चढणाऱ्यांना परवडतं. तुम्हाला उगाच भुर्दंड.”

“बरोबर आहे, साधंच बरं,” संगीतशिक्षक पडेल आवाजात म्हणाले.

बाई क्षणभर दोन्ही डब्यांकडे बघत राहिल्या. मग हसू दाबत म्हणाल्या, “भारीतलं घाला.”

“अहो ताई, दहा मिनिटांसाठी?”

“आता रोज घाट चढून ड्यूटीवर यायचंय.”

“घर बदलताय की काय?”

“काय करणार! ह्यांना गाव सोडवत नाही ना.”

संगीतशिक्षक ताडकन उठले, त्यांनी मेकॅनिकसमोरचा भारीतल्या तेलाचा डबा उचलला आणि स्वतःच झाकण उघडू लागले. झाकण ते उलट्या बाजूला फिरवत होते. पण त्यांना थांबवावे, असे कोणालाच वाटले नाही.