आवळलं तेवढं पुरे

“ललितभाऊ, या खेपेला तुम्हीच करा,” नवलसिंग म्हणाला. “मिस्तरींचा हात आता राहिला नाही.”

मिस्तरी, म्हणजे ललितचे वडील भाईदास, दोन पावलांवर बाकावर बसून सगळं ऐकत होते. लकवा त्यांच्या उजव्या हाताला झाला होता, कानांना नाही. तरी प्रकाशा गावातल्या त्या गॅरेजात येणारा जो तो आताशा त्यांच्या डोक्यावरून ललितशीच बोलायचा.

नवलसिंगची जीप धडगावच्या घाटात माणसं वाहते. इंजिनावरच्या टॅपेट कव्हरखालून तेल गळायचं, सायलेन्सरच्या तापलेल्या पाइपावर पडायचं आणि धूर आत बसलेल्यांच्या नाकात जायचा. काल निम्मी माणसं चढावर उतरून पायी निघाली. महिन्याभरात भाईदासांनी दोनदा नवं पॅकिंग बसवलं होतं आणि दोन्ही वेळा जीप गळतच परत आली होती.

“मीच खोलसू,” भाईदास उठले.

“आप्पा, ऱ्हाऊ द्या ना.”

“मन्हं काम शे. मीच करसू. आज बी गळनं, तं पाना कायमना ठेवी देसू.”

ललितने पाना त्यांच्यापुढे धरला. बाप बोलला की बोलला, हे त्याला ठाऊक होतं.

भाईदासांनी डाव्या हाताने, अंगाचा सगळा भार टाकून बोल्ट सैल केले. एकेक बोल्ट सुटताना किंचाळला. तिथेच त्यांच्या कपाळाला आठी पडली. कव्हर उचलून त्यांनी जुनं रबरी पॅकिंग काढलं आणि दारातल्या उन्हात धरलं. बोल्टांच्या जागी जास्त आवळून त्याचा पापड झाला होता. एका कोपऱ्यात ते चिरलंही होतं; तेल तिथूनच गळत होतं. मधल्या भागात मात्र अजून नव्यासारखं फुगीर होतं.

“ललित, आठे ये. हाई कोणी आवळं?”

ललित हात पुसत जवळ आला.

“हाऊ दाब मन्हा नही शे. मन्हा हातमा इतला जोर ऱ्हायना शे का?”

नवलसिंग उगाच जीपचं चाक बघू लागला.

“मीच आवळं, आप्पा,” ललित म्हणाला. “दोन्ही खेप. तुम्ही जेवाले गयात तवय. घाटनी गाडी शे, बारा माणसं बठतस. माले भ्याव वाटनं. तुमले वाईट वाटी म्हनीसन सांगं नही.”

काळजीच ती. पण त्या काळजीने महिनाभर बापाला खोटं पाडलं होतं. भाईदासांना राग आला, चांगलाच आला. आणि त्या रागातही त्यांना मोकळं वाटलं: दोष आपल्या हाताचा नव्हता. मग त्यांनी फडकं मागितलं.

कव्हरची खाच पुसली. बोटाने चाचपून पुन्हा पुसली. नवं पॅकिंग खाचेत बसवलं, कव्हर ठेवलं, बोल्ट आधी नुसत्या बोटांनी फिरवून घेतले. आवळायला मात्र पाना उजव्या हातात घेतला. बळ डाव्या हातात होतं, पण चाळीस वर्षांचा अंदाज उजव्यात होता. आधी मधले बोल्ट, मग कडेचे, एकदा इकडचा, एकदा तिकडचा, थोडा थोडा. घाई नाही. सात बोल्ट झाले.

आठवा सगळ्यात मागे, अडचणीत होता. तिथे हात थरथरायला लागला. पाना निसटून खाली वाजला. दुसऱ्यांदाही निसटला. नवलसिंग पुढे सरकला.

“कोणीच हात लावू नका!” भाईदास ओरडले.

तिसऱ्यांदा निसटला. भाईदासांच्या मानेवरून घाम ओघळत होता. ते पुन्हा वाकले.

ललितने खाली पडलेला पाना उचलला, बोल्टला लावला आणि तसाच धरून ठेवला. “आप्पा, तुमना हात वर ठेवा. कितलं आवळानं, ते माले समजू द्या.”

भाईदासांनी त्याच्याकडे पाहिलं. मग आपला थरथरता हात त्याच्या हातावर ठेवला. पाना फिरला, अर्धा आटा, मग पाव. ललितच्या दंडात अजून पुष्कळ जोर बाकी होता. वरच्या बोटांनी त्याच्या मनगटावर टकटक केली.

“बस. इतलंच.”

ललित थांबला, पण त्याची मूठ सैल होईना. ती सैल होईपर्यंत भाईदासांनी हात काढला नाही.

अर्धा तास इंजिन चालू ठेवलं. नवलसिंगने गळ्यातला पांढरा रुमाल कव्हरच्या कडेने चारी बाजूंनी फिरवला. तो कोरडा निघाला. त्याने रुमालाची दुसरी बाजू फिरवून पाहिली. तीही कोरडी.

“मिस्तरी,” या वेळी तो भाईदासांकडे बघून म्हणाला, “घाटात टिकेल ना?”

“टिकी. इंजिन थंड व्हऊ दे, मंग ली जाय.”

नवलसिंग चहाला गेला. तेवढ्यात मागच्या घरातून ललितच्या आईची, शोभाबाईंची, जेवायला हाक आली. भाईदासांनी हात धुतले आणि निघाले. मागच्या दारापर्यंत जाऊन ते थांबले. बोनेट उघडंच होतं, पाना इंजिनाशेजारीच पडला होता, आणि ललित तिथे उभा होता. मागे वळून बघायचं नाही, असं त्यांनी ठरवलं.

मागून चपलांचा आवाज आला.

“आप्पा, थांबा,” ललित म्हणाला. “मी बी येस जेवाले.”