रिकामा हुक

मॅडमचा कप हुकावर नव्हता.

उपबाईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. दांड्यापाशी टवका उडालेला तो पिवळा कप स्टाफरूमच्या भिंतीवरून खरंच नाहीसा झाला होता. उपबाईंच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. या शाळेत इतकी वर्षं काढल्यावर त्यांना एक गोष्ट पक्की कळली होती. माणूस राजीनामा नंतर देतो, कप आधी घरी नेतो.

शाळा खाजगी, पगार बेताचा. शिक्षक यायचे, हुकावर आपला कप अडकवायचे आणि वर्ष-दोन वर्षांत तो उचलून दुसरीकडे जायचे. मुख्याध्यापकांचंही तेच. टिकल्या त्या एकट्या उपमुख्याध्यापिका. त्यांचा निळ्या काठाचा कप अगदी सुरुवातीपासून पहिल्या हुकावर होता. "सगळे जातात, मी आहे," हे त्या येईल त्याला ऐकवायच्या. मोठी खुर्ची आज ना उद्या आपल्याकडेच येणार, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. सगळे पाठीमागे आपल्याला 'उपबाई' म्हणतात, हेही त्यांना ठाऊक होतं. ते 'उप' एकदाचं गळून पडायची त्या वाट बघत होत्या.

आणि संस्थेच्या अध्यक्षांनी आणली बाहेरची बाई. तीही वयाने लहान.

आधीचे मुख्याध्यापक ऑफिसात बसून ट्रेमधला चहा घ्यायचे. हिने पहिल्याच दिवशी पर्समधून हा पिवळा कप काढला आणि विचारलं, "यातला कुठला हुक मोकळा आहे?" मुख्याध्यापिकेला शोभतं का हे? मधल्या सुट्टीत ती शिक्षकांतच बसायची. कुणा शिक्षकाचं मूल आजारी असलं की त्या शिक्षकाला घरी पाठवून त्याचा तास स्वतः घ्यायची. स्टाफरूममधून हसण्याचे आवाज यायला लागले. उपबाई आत शिरल्या की हसणं थांबायचं. त्यांचा नुसता जळफळाट व्हायचा. इतक्या वर्षांत त्यांच्या विनोदाला कुणी एवढं मोकळं हसलं नव्हतं.

पण खरं दुखणं वेगळंच होतं. त्या वर्षी एकही कप हलला नाही. गणिताच्या सरांना चांगल्या शाळेतून बोलावणं आलं, तरी ते गेले नाहीत. सगळेच राहायला लागले, तर उपबाईंच्या राहण्याचं कौतुक कोण करणार?

घरी त्यांचं हेच पुराण चालायचं. नवरा एकदा जेवताना म्हणाला, "अगं, बाई चांगली असेल तर असू दे की!" त्यानंतर आठवडाभर त्याला स्वतःचा डबा स्वतः भरावा लागला.

शेवटी उपबाई अध्यक्षांकडे जाऊन आल्या.

"मॅडम चांगल्याच आहेत हो," त्या म्हणाल्या, "पण शिक्षकांना धाक म्हणून उरलेला नाही. आता तर पगारवाढीची भाषा सुरू झालीय. मी आपलं कानावर घातलं."

पगारवाढ म्हटलं की अध्यक्षांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. "बघतो," ते म्हणाले.

त्यांनी बघितलं होतं. भिंतीवरचा रिकामा हुकच सांगत होता.

निकालाचा आठवडा होता. उपबाई रोज काही ना काही निमित्त काढून स्टाफरूममध्ये डोकावायच्या, तो मोकळा हुक डोळे भरून बघायच्या आणि बाहेर पडायच्या. दुसरीकडे नजर जायचीच नाही. आता तिथे कुणी हसत नव्हतं. शिक्षक त्यांना उठून नमस्कार करायचे, वाट द्यायचे. उपबाईंना वाटलं, बसला एकदाचा धाक. संध्याकाळी जो तो फुगलेली पिशवी घेऊन घरी निघायचा. पेपर असतील तपासायचे. चित्रकलेच्या बाईंनी खिडकीतल्या कुंड्याही नेल्या. सुट्टीत पाणी कोण घालणार, म्हणून नेल्या असतील.

शेवटच्या दिवशी निकाल वाटून झाले, मुलं पांगली, शिक्षकही गेले. मॅडम जिन्यात भेटल्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि तेच उपबाईंना खुपलं.

"आता सगळं तुम्हालाच बघायचंय, बाई," मॅडम म्हणाल्या.

"त्यात काय? इतकी वर्षं मीच तर बघतेय," उपबाई फटकन म्हणाल्या.

मॅडम मान हलवून जिना उतरल्या.

थोड्याच वेळात अध्यक्षांचा फोन आला. नव्या वर्षापासून खुर्ची तुमची. उपबाईंनी नव्या वर्षाची वाट कशाला बघायची? त्या तडक ऑफिसात गेल्या आणि खुर्चीत बसल्या. खुर्ची जरा उंच होती, पाय नीट टेकेनात, पण ते नंतर बघता आलं असतं. त्यांनी टेबलावर हात फिरवला. घंटी वाजवली. गरज नसताना आणखी एकदा वाजवली.

चहा करणाऱ्या मावशी ओले हात पदराला पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या.

"मावशी, इथून पुढे माझा चहा ऑफिसात. ट्रेमधून," उपबाई म्हणाल्या. "आणि स्टाफरूममधला माझा कप इकडे आणून ठेवा. निळ्या काठाचा आहे. ओळखाल ना?"

"ओळखायचं काय त्यात, बाई?" मावशी म्हणाल्या. "एकच तर उरलाय."